अरबांची मनं वळवण्यासाठी सोव्हिएत प्रचार: काय चाललं, काय फसलं

प्रश्न असा आहे: सोव्हिएत युनियनने अरब देशांना आपल्या बाजूला वळवण्यासाठी प्रचार नेमका कसा केला? आणि इतकी वर्षं खपूनही त्यातून टिकाऊ असं फार काही का उरलं नाही?

आधी मुद्द्याचं सांगतो. अरबांना साम्यवाद पटवून देण्याचा नाद मॉस्कोने फार लवकर सोडला. अरबांच्या मनात इंग्रज, फ्रेंच आणि पुढे अमेरिका-इस्रायल यांच्याविरुद्ध जी चीड आधीपासून होती, तिला मॉस्कोने आपला आवाज, आपला कागद आणि आपला शिक्का दिला. जिथे त्या आवाजामागे हाताला लागेल अशी वस्तू होती (धरण, रणगाडे, सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार), तिथे प्रचार चालला. जिथे मॉस्को स्वतःबद्दल बोलायला लागला, तिथे तो फसला. आणि चीड मुळात अरबांची असल्यामुळे तिचं श्रेय शेवटी इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष नासर याला मिळालं, सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हला नाही.

या विषयावर लिहिणारे बहुतेक जण सुरुवात 1955 पासून करतात. ती चूक आहे. सोव्हिएत प्रचाराचा अरबांवरचा सगळ्यात जबरदस्त घाव 1917 मधला आहे, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. बोल्शेव्हिकांनी सत्ता घेतली तेव्हा झारच्या परराष्ट्र खात्याच्या कपाटात ब्रिटन आणि फ्रान्स यांनी अरब प्रदेश आपसात वाटून घेण्याचा केलेला गुप्त करार सापडला. तोच सायक्स-पिको करार. 23 नोव्हेंबर 1917 ला तो 'इझ्वेस्तिया' आणि 'प्रावदा'मध्ये छापून आला आणि तीन दिवसांनी 'मँचेस्टर गार्डियन'ने तो उचलला. इंग्रज तेव्हा मक्केच्या शरीफ हुसेनला स्वतंत्र अरब राज्याची आशा दाखवून तुर्कांविरुद्ध लढवत होते. तुर्कांचा सेनानी जमाल पाशा याने लगेच बैरूतमध्ये भाषण करून अरबांना विचारलं की बघा, तुमचे मित्र काय करून बसलेत. मॉस्कोला एक पैसाही खर्च आला नाही. विरोधकाचं खरं कागदपत्र त्याच्याच शब्दांत जसंच्या तसं छापणं, याच्या तोडीचं हत्यार पुढच्या सत्तर वर्षांत मॉस्कोला परत मिळालं नाही.

त्या मानाने सप्टेंबर 1920 मधली बाकूची 'पूर्वेकडील जनतेची परिषद' फिकी पडते. सुमारे 1,900 प्रतिनिधी जमले, बोल्शेव्हिक पुढारी झिनोव्हिएव्हने व्यासपीठावरून ब्रिटिश साम्राज्यवादाविरुद्ध चक्क धर्मयुद्धाची हाक दिली, पण अरब प्रतिनिधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. नास्तिक पक्षाच्या तोंडून आलेली जिहादची हाक ऐकणाऱ्याला पोकळ वाटते, हा धडा तिथेच मिळाला होता. तो घेतला मात्र गेला नाही.

अरबस्तानात काम वेगळ्या पद्धतीने झालं आणि ते अभ्यासण्यासारखं आहे. जेद्दाला मॉस्कोने करीम खाकिमोव्ह नावाचा वकील, म्हणजे राजदूत, पाठवला. जन्माने मुसलमान, पूर्वेकडच्या भाषा जाणणारा. 1925 मध्ये जेद्दाला वेढा पडलेला असताना तो यात्रेकरू म्हणून मक्केला गेला आणि तिथे वेढा घालणाऱ्या, पुढे सौदी अरेबिया उभारणाऱ्या इब्न सौदला भेटला. युरोपच्या बिगरमुस्लिम वकिलांना ती वाटच बंद होती. फेब्रुवारी 1926 मध्ये इब्न सौदच्या राज्याला सगळ्यात आधी मान्यता दिली ती सोव्हिएत युनियनने. पुढे स्टालिनच्या शुद्धीकरणात खाकिमोव्हला परत बोलावून जानेवारी 1938 मध्ये गोळी घातली. त्याच्या आधी तिथे वकिलात सांभाळलेल्या नझीर त्युर्याकुलोव्हचंही तेच झालं. वकिलात 1938 मध्ये बंद झाली आणि सौदीशी संबंध पुन्हा जोडायला 1990 उजाडलं. माणूस तयार करायला दहा-पंधरा वर्षं लागतात. मॉस्कोने आपली अरबी जाणणारी उत्तम माणसं स्वतःच्या हाताने संपवली. दुसऱ्या महायुद्धानंतर अरबी विभाग उभा करताना भाषा येणाऱ्या लोकांची जी चणचण भासली, तिचं एक मोठं कारण हे आहे.

मग आला 1947-48 चा खड्डा. मे 1947 मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी ग्रोमिकोने संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीची शक्यता उघड बोलून दाखवली, नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत मत फाळणीच्या बाजूने पडलं आणि 17 मे 1948 ला मॉस्कोने इस्रायलला रीतसर मान्यता दिली. चेकोस्लोव्हाकियाची शस्त्रं इस्रायलकडे गेली. स्टालिनचा हिशेब इंग्रजांना मध्यपूर्वेतून हुसकण्याचा होता. अरब कम्युनिस्टांनी मात्र कालपर्यंत फाळणीला विरोध करून आज एका रात्रीत उलट बोलायचं होतं. दमास्कसमध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या कचेरीवर जमाव चालून गेला. "तुमचा पक्ष अरबांचा की मॉस्कोचा?" हा प्रश्न त्या दिवसापासून कम्युनिस्टांच्या मानेवर बसला आणि कधी उतरलाच नाही. प्रचारयंत्रणा कितीही चांगली असली तरी वरून धोरण उलटलं की स्थानिक माणूस तोंडघशी पडतो.

हा खड्डा भरून काढायला पाच-सहा वर्षं लागली, आणि तो भाषणांनी भरला गेला नाही. जानेवारी 1954 मध्ये सीरिया-इस्रायलच्या पाणीवादात सोव्हिएत युनियनने सुरक्षा परिषदेत इस्रायलविरुद्ध अरबांच्या बाजूने पहिल्यांदा नकाराधिकार वापरला. मार्चमध्ये सुएझमधून इस्रायली मालाच्या वाहतुकीच्या प्रश्नावर दुसरा. जुलै 1955 मध्ये 'प्रावदा'चा संपादक द्मित्री शेपिलोव्ह कैरोला गेला आणि नासरला भेटला. एका वर्तमानपत्राच्या संपादकाला शस्त्रांच्या बोलण्यासाठी पाठवणं आपल्याला विचित्र वाटेल, पण सोव्हिएत पद्धतीत बातमीदारी, मुत्सद्देगिरी आणि हेरगिरी यांच्या भिंती पातळ होत्या. (पुढे 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात 'प्रावदा'चा कैरोतला वार्ताहर होता येवगेनी प्रिमाकोव्ह, आणि तो त्याच काळात इराकी कुर्दांशी बोलणीही करत होता.) 27 सप्टेंबर 1955 ला नासरने 'चेकोस्लोव्हाकियाशी' शस्त्रकरार झाल्याचं जाहीर केलं. माल सोव्हिएत होता, पाटी प्रागची होती. मॉस्कोला जगासमोर हात झटकता आले, आणि अरब रस्त्यावर संदेश गेला की पाश्चात्त्यांची शस्त्रांवरची मक्तेदारी मोडली.

आता सुएझ जरा जवळून बघा, कारण प्रचारात वेळ साधणं म्हणजे काय ते इथे दिसतं. ऑक्टोबर 1956 च्या शेवटी इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सने इजिप्तवर हल्ला केला. 4 नोव्हेंबरला हंगेरीतला उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. दुसऱ्याच दिवशी, 5 नोव्हेंबरला, सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिनने ब्रिटनचा ईडन, फ्रान्सचा मोले आणि इस्रायलचा बेन-गुरियन या पंतप्रधानांना पत्रं लिहून अग्निबाणांची सूचक धमकी दिली, आणि अमेरिकेच्या आयझेनहॉवरला दोघांनी मिळून हस्तक्षेप करू असा प्रस्ताव पाठवला. 6 तारखेला ईडनने युद्ध थांबवायचं कबूल केलं. तारखा शेजारी मांडल्या की वाटतं, मॉस्कोने डोळे वटारले आणि लंडन वाकलं. प्रत्यक्षात ब्रिटन वाकलं ते पौंड कोसळत होता आणि अमेरिका मदत अडवून बसली होती म्हणून. पण पौंडाचा भाव कैरोतल्या चहाच्या दुकानात कुणाला कळणार? पत्र मात्र कळतं, ते मोठ्याने वाचून दाखवता येतं. एका पत्राने दोन कामं झाली. अरब जगात मॉस्को तारणहार ठरला, आणि बुडापेस्टच्या बातम्या अरब वर्तमानपत्रांत सुएझखाली गाडल्या गेल्या.

अस्वान धरण हा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. जागतिक बँक आणि अमेरिकेने कर्जासोबत इजिप्तच्या अर्थव्यवहारावर देखरेखीच्या अटी घातल्या होत्या, आणि 19 जुलै 1956 ला अमेरिकेने हातच काढून घेतला. 27 डिसेंबर 1958 ला सोव्हिएत करार झाला: पहिल्या टप्प्यासाठी 40 कोटी रूबल, त्या वेळच्या दराने साधारण 10 कोटी डॉलर, व्याज अडीच टक्के, परतफेड बारा वार्षिक हप्त्यांत, आणि तीही इजिप्शियन मालाने, म्हणजे मुख्यतः कापसाने. 1960 मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी 90 कोटी रूबल. या अटींमध्येच प्रचार भरलेला आहे. व्याज कमी, डॉलर लागत नाहीत, तुमच्या शेतात पिकतं ते द्या, तुमच्या अंदाजपत्रकात आम्ही नाक खुपसणार नाही. परकी कर्जामुळेच 1882 मध्ये इंग्रज इजिप्तमध्ये घुसले होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असलेल्या देशात हा करार कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा जास्त बोलका होता.

काम 9 जानेवारी 1960 ला सुरू झालं. मे 1964 मध्ये नाईलचा प्रवाह वळवला तेव्हा ख्रुश्चेव्ह स्वतः हजर होता. धरणाची उंची 111 मीटर, वीजघरात 12 जनित्रं, प्रत्येकी 175 मेगावॉटचं. आजही धरणाजवळ कमळाच्या पाकळ्यांसारखं उंच मैत्रीस्मारक उभं आहे. छायाचित्रांचा ठरलेला साचा होता: एक इजिप्शियन कामगार, एक सोव्हिएत अभियंता, दोघांच्या डोक्यावर सारखंच शिरस्त्राण, मागे यंत्र. गोरा माणूस हुकूम सोडतोय आणि सावळा माणूस ओझं वाहतोय, हे वसाहतकाळातलं चित्र पुसण्यासाठी ही मांडणी विचारपूर्वक केली होती. तिची ताकद खरी होती.

पण त्याच धरणावरच्या चित्रपटाचं काय झालं ते बघा. इजिप्तचा नावाजलेला दिग्दर्शक यूसुफ शाहीन याने दोन्ही देशांच्या भागीदारीत धरणावर चित्रपट केला. त्यात बांधकामापेक्षा माणसं जास्त होती: उखडली जाणारी नुबियन वस्ती, घरापासून तुटलेले रशियन, त्यांची दोस्ती, त्यांची तगमग. 1968 मधली ती आवृत्ती ना कैरोला रुचली ना मॉस्कोला. शाहीनला चित्रपट नव्याने उभा करावा लागला आणि तो 1972 मध्ये आला. तोवर नासरनंतर राष्ट्राध्यक्ष झालेला सादात सोव्हिएत सल्लागारांना घालवण्याच्या बेतात होता. दोन सरकारांनी मिळून काढलेल्या प्रचारकृतीचं हे नेहमीचं दुखणं आहे. दोघांनाही स्वतःचा चेहरा मोठा हवा असतो, मंजुरीत वर्षं जातात, आणि वस्तू तयार होते तेव्हा राजकारण पुढे निघून गेलेलं असतं.

आता रोजच्या यंत्रणेबद्दल. ती समजल्याशिवाय एकेका लेखाचा किंवा ध्वनिमुद्रणाचा अर्थ लावता येत नाही. 'तास' ही सरकारी वृत्तसंस्था, म्हणजे अधिकृत तोंड. 1961 मध्ये 'नोव्होस्ती' स्थापन झाली. ती कागदोपत्री लेखक-पत्रकार संघटनांची, त्यामुळे तिचे लेख कैरो-दमास्कसच्या दैनिकांना 'बाहेरचा लेख' म्हणून छापायला सोयीचे पडत. रेडिओचंही असंच दुहेरी होतं. 'रेडिओ मॉस्को' सरकारी, आणि 1964 पासून 'शांतता आणि प्रगती' नावाचं केंद्र, जे स्वतःला सोव्हिएत जनमताचा आवाज म्हणवायचं आणि बोलायचं मात्र त्याच यंत्रणेच्या प्रक्षेपकांवरून. जे बोललं तर परराष्ट्र खात्याला उत्तर द्यावं लागेल, ते दुसऱ्या केंद्रावरून बोलायचं. कुणी तक्रार केली की सांगायचं, हे सरकारचं मत नव्हे. म्हणून एखादं जहाल वाक्य सापडलं की आधी ते कोणत्या तोंडातून आलं ते तपासा. 'तास'मध्ये आलं असेल तर ते धोरण आहे. 'शांतता आणि प्रगती'वर आलं असेल तर तो पाण्यात टाकलेला खडा आहे.

रेडिओत मॉस्को कधीच पहिला नव्हता. इटलीचं बारी केंद्र 1934 पासून अरबीत बोलत होतं, बीबीसीची अरबी सेवा 3 जानेवारी 1938 ला सुरू झाली, आणि जुलै 1953 पासून कैरोच्या 'सौत अल-अरब'ने सगळ्यांना झाकून टाकलं. कारण साधं होतं. कैरोच्या केंद्रावर निवेदक अहमद सईदची आग होती आणि उम्म कुलसूमचं गाणं होतं. मॉस्कोचं निवेदन शुद्ध ग्रांथिक अरबीत, लांबच लांब, रशियन मजकुरावरून शब्दशः उतरवलेलं. लघुलहरींवर आधीच आवाज खाली-वर होतो, त्यात ट्रॅक्टरच्या उत्पादनाचे आकडे कोण ऐकणार? मॉस्कोतल्या जाणत्यांना हे कळलेलं होतं. म्हणून स्वतःचा आवाज मोठा करण्यापेक्षा अरब आवाजाला दारूगोळा पुरवायचा, हे धोरण ठरलं: कैरोचं वर्तमानपत्र काय म्हणतं ते मॉस्कोने उद्धृत करायचं आणि मॉस्को काय म्हणाला ते कैरोने. दोन आरसे समोरासमोर ठेवल्यासारखं.

शब्दांची निवड हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि मराठी वाचकाला तो चटकन कळेलही, कारण यातले धातू आपल्या भाषेत फिरून आलेले आहेत. समाजवादाला अरबीत 'इश्तिराकिया' म्हणतात. आपल्या 'शरीक होणे'मधलाच धातू. भागीदारी, वाटून घेणं. शब्द सौम्य, ओळखीचा, धर्मालाही न खुपणारा. साम्यवादाला शब्द होता 'शुयूइया', आणि त्यात 'सगळं सामाईक' असा ध्वनी असल्यामुळे विरोधक लगेच म्हणत की यांच्याकडे बायकाही सामाईक. 1959 मध्ये इराकवरून नासरचं आणि कम्युनिस्टांचं बिनसलं तेव्हा कैरोच्या प्रचाराने 'शुयूई'च्या जोडीला 'शुऊबी' हा शब्द आणून बसवला. अब्बासी खलिफांच्या काळात अरबांना तुच्छ लेखणाऱ्या बिगरअरब मुसलमानांसाठी तो वापरला जायचा. एका यमकाने कम्युनिस्ट म्हणजे अरबद्वेष्टा असं समीकरण झालं. मॉस्कोच्या शंभर पुस्तिकांना ते खोडता आलं नाही. म्हणून सोव्हिएत अरबी मजकुरात 'शुयूइया' कमी आणि 'इस्तिमार'विरुद्धचा लढा जास्त दिसतो. इस्तिमार म्हणजे वसाहतवाद, धातू आपल्या 'इमारत'मधलाच. ज्याला अरब आधीच शिवी समजत होते, तोच शब्द उचलायचा.

पुस्तकांची बाजू मात्र मनापासून दाद द्यावी अशी होती. मॉस्कोचं 'प्रगती प्रकाशन' अरबी पुस्तकं काढायचं: चांगली बांधणी, रंगीत चित्रं, किंमत नाममात्र. अनुवादासाठी अरब लेखकच मॉस्कोत वसवले होते. इराकी कादंबरीकार घाइब तुमा फरमान 1960 पासून मरेपर्यंत तिथे राहिला आणि रशियन साहित्य अरबीत आणत राहिला. मराठीत हीच व्यवस्था होती, हे ज्यांच्या घरात मॉस्कोहून छापून आलेली मराठी बालपुस्तकं होती त्यांना सांगायला नको. 'सोव्हिएत लँड'ची मराठी आवृत्ती, लोकवाङ्मय गृहामार्फत येणारी पुस्तकं, मैत्रीसंघांकडून होणारे दौरे (अण्णा भाऊ साठे 1961 मध्ये रशियाला गेले ते याच वाटेने), हे सारं एकाच यंत्रणेच्या निरनिराळ्या भाषांतल्या शाखा होत्या. आणि परिणामही दोन्हीकडे सारखा: चेखॉव्ह आणि गॉर्की मनात राहिले, लेनिनच्या निवडक वाङ्मयाचे खंड कपाटात राहिले.

लेखकांच्या आघाडीवर 1958 ची ताश्कंद परिषद आणि त्यातून निघालेली आफ्रो-आशियाई लेखक संघटना ही मोठी कामगिरी. तिचं 'लोटस' हे त्रैमासिक 1968 पासून कैरोहून अरबी, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये निघू लागलं, छपाईचा बराच भार पूर्व जर्मनीने उचलला. पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीशला याच संघटनेने 1969 मध्ये पारितोषिक दिलं. यातलं मर्म लक्षात घ्या: पाहुणचार ताश्कंदचा, कार्यालय कैरोत, संपादक इजिप्शियन, पुढे बैरूतला गेल्यावर संपादक पाकिस्तानी कवी फैज अहमद फैज. मॉस्को पडद्यामागे. जागतिक शांतता परिषदेचा कारभारही वर्षानुवर्षं रोमेश चंद्र या भारतीयाच्या हाती होता. ज्या संघटनेचा चेहरा रशियन नाही, तिचं ऐकलं जातं.

विद्यार्थ्यांचं थोडक्यात. फेब्रुवारी 1960 मध्ये मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ निघालं, वर्षभराने त्याला काँगोचा नेता पॅट्रिस लुमुंबा याचं नाव मिळालं. पहिलं वर्ष फक्त रशियन शिकायचं, मग वैद्यक, अभियांत्रिकी, शेती, कायदा. शिक्षण चांगलं होतं, पण शिकून गेलेला प्रत्येक जण प्रचारक होतो हा समज खोटा ठरला. मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत शिकलेले सोनअल्लाह इब्राहीम, मुहम्मद मलस यांच्यासारखे लोक परत गेले ते सत्तेला प्रश्न विचारणारे कलावंत होऊन. ज्याने व्यवस्था आतून पाहिली, त्याला छापील चित्रं पुरत नाहीत.

इस्लामचं काय करायचं, हा मॉस्कोचा कायमचा पेच होता. उत्तर ताश्कंदमध्ये शोधलं गेलं. 1943 मध्ये स्थापन झालेल्या मध्य आशियाच्या मुस्लिम धर्ममंडळाचे मुफ्ती झियाउद्दीन बाबाखानोव्ह अरब शिष्टमंडळांचं स्वागत करायचे, बुखाऱ्याचा मीर-ए-अरब मदरसा आणि ताश्कंदची प्राचीन कुराणप्रत दाखवायचे, 1974 मध्ये हदीसचे संग्राहक इमाम बुखारी यांच्या स्मरणार्थ परिषदही भरवली. 1968 पासून 'सोव्हिएत पूर्वेतील मुसलमान' नावाचं त्रैमासिक निघायचं. त्याचा एकच तपशील सगळं सांगून जातो. त्रैमासिकाची उझ्बेक आवृत्ती अरबी लिपीत छापली जायची, आणि उझ्बेकिस्तानात 1940 पासून लिपी होती सिरिलिक. म्हणजे सामान्य उझ्बेक माणसाला त्याच्याच भाषेतलं हे धार्मिक त्रैमासिक वाचता येणार नाही अशी व्यवस्था होती. ते बाहेरच्यांना दाखवायलाच होतं. पाहुण्यांना दाखवलेल्या मोजक्या मशिदी खऱ्या होत्या. पण ख्रुश्चेव्हच्या काळात बंद केलेल्याही खऱ्या होत्या, आणि हजला जाऊ दिले जाणारे सोव्हिएत यात्रेकरू इतके थोडे असत की मक्केत भेटणाऱ्या कुणालाही खरं काय ते उमगायचं.

सगळ्यात कटू प्रकरण अरब कम्युनिस्टांचं. 1 जानेवारी 1959 पासून नासरने इजिप्शियन कम्युनिस्टांची धरपकड केली. 1960 मध्ये शुहदी अतिया अल-शाफी हा पुढारी अबू जाबल तुरुंगात मारहाणीत मेला. त्याच वर्षी धरणाच्या दुसऱ्या टप्प्याचं सोव्हिएत कर्ज मंजूर झालं. मॉस्कोत 'बिगरभांडवली विकासमार्गा'ची मांडणी आली: कम्युनिस्ट पक्ष नसला तरी नासरसारखे 'क्रांतिकारी लोकशाहीवादी' देशाला समाजवादाकडे नेऊ शकतात. हा सिद्धांत म्हणजे प्रचारासाठी केलेली सोय होती. 1964 मध्ये ख्रुश्चेव्ह यायच्या आधी कैदी सोडले गेले, नासर आणि त्याचा सरसेनापती अब्देल हकीम आमेर यांना 'सोव्हिएत युनियनचा वीर' हा किताब मिळाला, आणि 1965 मध्ये इजिप्तच्या कम्युनिस्ट पक्षाने स्वतःला विसर्जित केलं. तरी त्या दौऱ्यात ख्रुश्चेव्हचा तोल गेलाच. अरब ऐक्याचा जयजयकार चालू असताना त्याने ऐक्य वंशाचं नव्हे तर कष्टकऱ्यांचं हवं असं सुनावलं, आणि यजमान नाराज झाले. जुलै 1971 मध्ये सुदानचा सत्ताधीश नुमैरी याने तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा नेता अब्देल खालिक महजूब आणि लेनिन शांतता पारितोषिक मिळालेला कामगार नेता शाफी अहमद अल-शेख यांना फासावर लटकवलं. ज्याच्या छातीवर आपण पदक लावलं, त्यालाही मॉस्को वाचवू शकला नाही, हे साऱ्या अरब जगाने पाहिलं.

आणि मे 1967. 13 मे रोजी मॉस्कोने, त्या वेळी तिथे आलेल्या सादातमार्फत आणि इतर वाटांनीही, इजिप्तला कळवलं की इस्रायलने सीरियाच्या सीमेवर मोठं सैन्य जमवलं आहे. दुसऱ्याच दिवशी सेनाप्रमुख मुहम्मद फौजी दमास्कसला गेला. त्याला तशी कोणतीही जमवाजमव दिसली नाही. इस्रायलच्या पंतप्रधानांनी सोव्हिएत राजदूत चुवाखिनला म्हटलं, चला, सीमा दाखवतो. त्याने नकार दिला. पण बातमी तोवर कैरोच्या रेडिओवर चढली होती, आणि सार्वजनिक झालेली हाक नासरला मागे घेता येईना. चार आठवड्यांत सिनाई, गोलान, पश्चिम किनारा आणि पूर्व जेरुसलेम गेलं. मॉस्कोने ही बातमी हेतुपुरस्सर खोटी दिली की चुकीच्या माहितीवर विसंबून दिली, यावर अभ्यासकांत वाद आहे. प्रचाराच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे: ज्याच्या कानाशी लागून तुम्ही बोलता, तो तुमच्या शब्दावर सैन्य हलवू शकतो. आरसे समोरासमोर ठेवण्याची जी युक्ती शांततेच्या काळात आवाज वाढवायची, तिनेच इथे खोट्या बातमीला खरेपणा दिला.

पराभवानंतर, 10 जून 1967 ला, मॉस्कोने इस्रायलशी संबंध तोडले आणि झिओनिझमविरोधी (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीविरोधी) साहित्याचा पूर सुरू झाला. याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. इस्रायलच्या धोरणावर, पॅलेस्टिनींच्या विस्थापनावर टीका करणं वेगळं आणि बँका, वर्तमानपत्रं, सरकारं एका गुप्त ज्यू कटाच्या मुठीत आहेत असं छापणं वेगळं. मॉस्कोच्या पुस्तिकांनी ही रेघ वारंवार ओलांडली, आणि त्यातली चित्रं व युक्तिवाद झारच्या काळातल्या ज्यूद्वेषातून आलेले होते. पॅलेस्टिनींच्या न्याय्य मागणीचं याने नुकसानच झालं. 10 नोव्हेंबर 1975 ला संयुक्त राष्ट्रांत झिओनिझमला वंशवाद ठरवणारा ठराव 72 विरुद्ध 35 मतांनी संमत झाला, 32 तटस्थ राहिले. अरबांना तो विजय वाटला, जमिनीवर एक चौकीही हलली नाही. 16 डिसेंबर 1991 ला तो रद्द झाला तेव्हा सोव्हिएत मत रद्द करण्याच्या बाजूने पडलं. (या काळाबद्दल पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट देशांच्या गुप्तहेर खात्यांतून फुटून आलेल्या अधिकाऱ्यांच्या आठवणी खूप वाचल्या जातात. कागदाचा आधार असल्याशिवाय त्यातला एकही दावा पुढे ढकलू नका.)

पुढची घसरण वेगाने झाली. मे 1971 मध्ये इजिप्तशी मैत्रीकरार, जुलै 1972 मध्ये सादातने हजारो सोव्हिएत लष्करी सल्लागारांना परत पाठवलं, मार्च 1976 मध्ये करारच मोडला. करार सत्ताधीशाशी होता, त्याचं मन बदललं की संपलं. मग डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरलं. 14 जानेवारी 1980 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 104 देशांनी सैन्य मागे घेण्याची मागणी केली. सप्टेंबर 1980 मध्ये हिजरी पंधराव्या शतकानिमित्त ताश्कंदला मोठी इस्लामी परिषद बोलावली होती. अनेक मुस्लिम देशांनी तिच्याकडे पाठ फिरवली. बाबाखानोव्हांनी वीस-बावीस वर्षं जमवलेली ओळखपाळख एका मोहिमेत गेली.

या विषयावर स्वतः काम करायचं असेल तर एखादा लेख किंवा भाषण हाती आल्यावर मी सांगेन त्या क्रमाने जा. आधी तारीख, आणि तिच्या मागचे-पुढचे तीन दिवस. बुडापेस्ट आणि सुएझ असे शेजारी सापडतात. मग तोंड कोणतं: 'तास', 'नोव्होस्ती', की जनमताच्या नावाने बोलणारं केंद्र. मग भाषा, शक्य असेल तर त्याच मजकुराची रशियन आवृत्ती शेजारी ठेवा, आणि अरबीत काय गाळलं ते खुणेने दाखवा. धर्म, पक्ष आणि अरब कम्युनिस्ट कैदी यांचे उल्लेख गाळले आहेत का, तिथे आधी बघा. त्यानंतर त्या आठवड्यात कोणती वस्तू पोहोचली ते शोधा: शस्त्रं, गहू, कर्जाचा हप्ता, नकाराधिकार. शेवटी, तोच मजकूर कुणा अरब दैनिकाने आपला म्हणून छापला का आणि मग मॉस्कोने त्या दैनिकाचा हवाला दिला का, ते तपासा. नवशिके इथेच फसतात. एकच लेख दोन स्वतंत्र पुरावे समजून मोजतात.

मे 2007 पासून मॉस्कोहून चालणाऱ्या रशियाच्या सरकारी अरबी वाहिनीवरही हीच पद्धत लावून पाहा. साम्यवाद गेला, 'इस्तिमार'विरुद्धची भाषा तशीच आहे, आणि या वेळी निवेदक अरब आहेत.